वाइड झूमचे कोपरे: अ‍ॅपर्चर लहान केल्यावर काय सुधारते, काय तसेच राहते

१६-३५ मिमीसारख्या वाइड झूमने (रुंद दृश्य टिपणाऱ्या झूम लेन्सने) पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला काढलेला फोटो स्क्रीनवर १०० टक्के मोठा करा आणि मधून कोपऱ्याकडे सरकत जा. मध्यभागी पानाची शीरही स्वच्छ दिसते. कोपऱ्यात मात्र त्याच झाडाची पाने बाहेरच्या दिशेने फरपटलेली दिसतात. फांदीच्या एका कडेला तांबडी झाक असते, दुसऱ्या कडेला निळसर-हिरवी, आणि उजेडही चांगलाच कमी झालेला असतो. या सगळ्याला सरसकट एकच नाव मिळते, ‘कोपरे सॉफ्ट आहेत’, आणि उपायही एकच सांगितला जातो, ‘एफ/८ लाव’, म्हणजे लेन्समधले प्रकाश आत सोडणारे छिद्र लहान कर; एफचा आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान.

हा उपाय काही दोषांवर जबरदस्त चालतो, काहींवर जेमतेम आणि काहींवर अजिबात नाही. कोपऱ्यात एकाच वेळी पाच-सहा वेगवेगळे दोष एकमेकांवर चढलेले असतात आणि प्रत्येकाचे कारण वेगळे असते. ते सुटे करून पाहता आले, की कुठे अ‍ॅपर्चर लहान करायचे, कुठे फोकस हलवायचा, कुठे सॉफ्टवेअरवर सोडायचे आणि कुठे लेन्स दुरुस्तीला द्यायची, हे ठरवता येते. खाली ‘लेन्स’ म्हणजे अख्खे उपकरण आणि ‘भिंग’ म्हणजे त्याच्या आतली एकेक काच.

सात दोष आणि त्यांचे गणित

लेन्सकडून अपेक्षा साध्या असतात. दृश्यातल्या एका बिंदूपासून निघालेला प्रकाश सेन्सरवर पुन्हा एकाच बिंदूत यावा, सपाट दृश्याची प्रतिमा सपाट पडावी आणि आकारांचे प्रमाण बिघडू नये. गोलाकार पृष्ठभागाच्या काचेला हे नेमके साधत नाही. जे साधत नाही त्याला विपथन किंवा अ‍ॅबरेशन म्हणतात. जर्मन गणिती लुडविग झायडेल यांनी १८५०च्या दशकात एकाच रंगाच्या प्रकाशाला लागू होणारी पाच विपथने गणिताने वेगळी करून दाखवली: गोलीय विपथन, कोमा, अ‍ॅस्टिगमॅटिझम, प्रतिमेच्या पृष्ठाची वक्रता आणि डिस्टॉर्शन. पहिल्या तिघांत बिंदूचा ठिपका पसरतो, वक्रतेत कडेचा फोकस वेगळ्या अंतरावर जातो आणि डिस्टॉर्शनमध्ये सरळ रेषा वाकतात. काचेतून जाताना निळा प्रकाश तांबड्यापेक्षा जास्त वळतो, त्यामुळे रंगाची आणखी दोन येतात. एकात वेगवेगळे रंग अक्षावर मागेपुढे फोकस होतात, दुसऱ्यात वेगवेगळ्या रंगांच्या प्रतिमांचा आकारच लहानमोठा होतो.

आता उपयोगाचा भाग. एफ/२.८ वरून एफ/८ म्हणजे तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट), आणि तेवढ्यात अ‍ॅपर्चरच्या छिद्राचा व्यास साधारण २.९ पट लहान होतो. गोलीय विपथनाने होणारी अस्पष्टता व्यासाच्या घनाप्रमाणे बदलते, म्हणून ती सुमारे २३ पट घटते. कोमा वर्गाप्रमाणे बदलतो, तो ८ पट घटतो. अ‍ॅस्टिगमॅटिझम, प्रतिमेची वक्रता आणि अक्षावरचा रंगदोष यांची अस्पष्टता व्यासाच्या सरळ प्रमाणात असते, म्हणून ती तीन पटींच्या आत-बाहेरच घटते. डिस्टॉर्शन आणि आकाराचा रंगदोष मात्र छिद्राच्या व्यासावर अवलंबूनच नाहीत. एफ/२.८ला जितके असतात, तितकेच एफ/८ला आणि तितकेच एफ/१६ला.

दुसरी बाजू मध्यापासूनच्या अंतराची. गोलीय विपथन आणि अक्षावरचा रंगदोष फ्रेमभर सारखे पसरलेले असतात, अगदी मध्यभागीसुद्धा. कोमा आणि आकाराचा रंगदोष अंतराच्या प्रमाणात वाढतात, अ‍ॅस्टिगमॅटिझम आणि वक्रता वर्गाने, आणि डिस्टॉर्शनमुळे बिंदू जागेवरून जितका सरकतो ते अंतर घनाने. वाइड लेन्समध्ये सगळा बोजा कोपऱ्यावर का पडतो, ते यातच आहे. हे नियम पहिल्या अंदाजापुरते आहेत. प्रत्यक्ष वाइड झूममध्ये वरच्या क्रमांची, म्हणजे या पहिल्या अंदाजात न येणारी, विपथनेही बरीच असतात आणि रचनाकार त्यांना खालच्या क्रमांच्या विरुद्ध उभे करून हिशोब जुळवतो. तो सगळीकडे जुळत नाही. म्हणूनच काही लेन्समध्ये मध्य उत्तम, कोपरा बरा आणि दोन्हींच्या मधला पट्टा मात्र मऊ, असे विचित्र चित्र दिसते.

वाइड आणि त्यातही झूम: अवघड का

३६ × २४ मिमीच्या फुल-फ्रेम सेन्सरचा कर्ण ४३.३ मिमी, म्हणजे मध्यापासून कोपरा २१.६ मिमीवर. नाभीय अंतर (फोकल लेंग्थ, म्हणजे लेन्सवर लिहिलेला मिमीचा आकडा) १६ मिमी असेल तर कोपऱ्यात पडणारा किरण अक्षाशी ५३.५ अंशांचा कोन करून लेन्समध्ये शिरतो. ३५ मिमीला हाच कोन ३१.७ अंश. एवढ्या तिरक्या किरणाला काचेच्या एका पृष्ठभागावर वळवायचे म्हणजे तो प्रचंड वळतो, आणि जिथे किरण एकदम जास्त वळतो तिथे विपथन जन्माला येते.

त्यात जागेची अडचण. आरसा असलेल्या कॅमेऱ्यात माउंटपासून (लेन्स बसवायच्या कड्यापासून) सेन्सरपर्यंतचे अंतर कॅनन ईएफमध्ये ४४ मिमी आणि निकॉन एफमध्ये ४६.५ मिमी. १६ मिमीची लेन्स साध्या रचनेत बसवायची तर शेवटचे भिंग आरशाच्या वाटेत येईल. यावरचा मार्ग म्हणजे पुढे ऋण म्हणजे किरण पसरवणारा गट आणि मागे धन म्हणजे किरण गोळा करणारा गट. फ्रान्सच्या आंजेन्यू कंपनीने १९५० साली याच पद्धतीची ३५ मिमी एफ/२.५ लेन्स ‘रेट्रोफोकस’ या नावाने आणली आणि पुढे ते नाव सगळ्या प्रकारालाच चिकटले.

या रचनेचा एक फायदा खरा आहे. पुढचा ऋण गट तिरके किरण आत येताच बरेच सरळ करतो आणि प्रतिमेची वक्रताही कमी करतो. पण किंमत मोठी आहे. अ‍ॅपर्चरच्या दोन्ही बाजूंना सारखी भिंगे असलेल्या सममित लेन्समध्ये कोमा, डिस्टॉर्शन आणि आकाराचा रंगदोष हे तिघे पुढच्या अर्ध्यात जितके तयार होतात, जवळपास तितकेच मागच्या अर्ध्यात उलट दिशेने तयार होऊन खोडले जातात. लुडविग बर्टेले यांनी त्साइससाठी रचलेल्या बायोगॉनसारख्या जुन्या वाइड लेन्समध्ये डिस्टॉर्शन इतके कमी दिसते ते यामुळे. पुढे ऋण, मागे धन अशी रचना केली की ही सममिती मोडते आणि हे तीन दोष मुद्दाम जास्तीची भिंगे घालून मारावे लागतात.

मिररलेसमध्ये, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत, माउंटचे अंतर कॅनन आरएफला २० मिमी, सोनी ई-माउंटला १८ मिमी आणि निकॉन झेडला १६ मिमी इतके खाली आले. त्यामुळे मागची भिंगे सेन्सरच्या जवळ आणि मोठी करता येतात, आणि कोपऱ्यांना त्याचा उघड फायदा झाला. तरी वाइड झूममध्ये पुढचा गट ऋणच राहिला आहे, कारण सेन्सरच्या कडेला किरण फार तिरके पडलेलेही चालत नाहीत.

आता झूम. १६ मिमीला पुढचा ऋण गट आणि मागचा धन गट यांच्यात मोठे अंतर असते; ३५ मिमीकडे जाताना ते मिटत जाते. दर नाभीय अंतराला प्रत्येक किरण प्रत्येक भिंगावर वेगळ्या उंचीवर पडतो, म्हणजे एका जागी जुळवलेला हिशोब दुसऱ्या जागी मोडतो. एका नाभीय अंतराच्या लेन्सला एकदाच संतुलन साधायचे असते, झूमला ते सतत साधत राहावे लागते. म्हणून कॅननच्या ईएफ १६-३५ मिमी एफ/२.८ एल तिसऱ्या आवृत्तीत ११ गटांत १६ भिंगे आहेत. ११ गट म्हणजे काच आणि हवा यांच्या २२ सीमा. काचेवर लेप नसेल तर दर सीमेवर सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो, आणि मग या लेन्समधून जेमतेम ४१ टक्के प्रकाश पार झाला असता. परावर्तनविरोधी लेप नसते, तर विपथन सुधारायला इतकी भिंगे वापरायची मुभाच मिळाली नसती.

झूमच्या दोन टोकांचे स्वभाव वेगळे असतात आणि याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. एफ/२.८ कायम ठेवले, तर पुढून दिसणारे छिद्र १६ मिमीला १६ ÷ २.८ म्हणजे ५.७ मिमीचे आणि ३५ मिमीला १२.५ मिमीचे असते. म्हणजे वाइड टोकाला छिद्र लहान पण कोन प्रचंड, तिथे कोनाचे दोष हावी होतात: डिस्टॉर्शन, अ‍ॅस्टिगमॅटिझम, आकाराचा रंगदोष. लांब टोकाला कोन निवळतो पण छिद्र दुपटीहून मोठे, तिथे गोलीय विपथन आणि अक्षावरचा रंगदोष डोके वर काढतात आणि मध्यभागाचाच कॉन्ट्रास्ट किंचित धुरकट होतो. ‘ही लेन्स एफ/२.८ला चांगली आहे का’ या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नसते. कोणत्या नाभीय अंतराला आणि फ्रेमच्या कोणत्या भागात, हे विचारावे लागते.

कोपऱ्यात नेमके काय दिसते

कोमा आणि अ‍ॅस्टिगमॅटिझम रात्रीच्या फोटोंत उघडे पडतात, कारण तारा किंवा दूरचा दिवा हा खराखुरा बिंदू असतो. कोमामध्ये बिंदूला एका बाजूला शेपूट फुटते, ते मध्याकडे किंवा मध्यापासून बाहेर रोखलेले असते. अ‍ॅस्टिगमॅटिझममध्ये बिंदूची रेघ होते. फोकस थोडा पुढे-मागे केला की ती रेघ ९० अंशांत फिरते, हीच त्याची पक्की खूण. दोन्ही मिसळले की कोपऱ्यातला तारा पंख पसरलेल्या पक्ष्यासारखा दिसतो. एफ/४ला पंख बरेच आखडतात, पण पूर्ण जात नाहीत. कारण वरच्या हिशोबात आहेच: कोमा झटपट घटतो, अ‍ॅस्टिगमॅटिझम रेंगाळतो.

दिवसाच्या फोटोत अ‍ॅस्टिगमॅटिझम असा ओळखावा. कोपऱ्यात मध्याच्या दिशेने जाणाऱ्या फांद्या रेखीव दिसतात, त्यांना आडव्या जाणाऱ्या फांद्या मात्र पसरट. इथे एक फसगत होते. आकाराचा रंगदोषही नेमक्या याच आडव्या रेषा पसरवतो, कारण तो रंगांना त्रिज्येच्या दिशेने सरकवतो. दोन्ही वेगळे करायचे तर फोटोचा फक्त हिरवा चॅनेल (हिरव्या रंगाचीच माहिती) पाहा. हिरव्यात आडवी फांदी रेखीव दिसली तर दोष रंगाचा. हिरव्यातही पसरट राहिली तर अ‍ॅस्टिगमॅटिझम.

या रंगदोषाचा आकडा डोळ्यांसमोर असला की तो किती नाजूक मामला आहे ते कळते. तांबड्या रंगाची प्रतिमा हिरव्यापेक्षा फक्त ०.०५ टक्के मोठी असली, तर कोपऱ्यात २१.६ मिमी अंतरावर दोन्हींत सुमारे ११ मायक्रॉनचा फरक पडतो. २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम सेन्सरचा पिक्सेल ६ मायक्रॉनचा, म्हणजे जवळपास दोन पिक्सेलची तांबडी कड. हा दोष कमी करायला कमी अपस्करणाच्या काचा वापरतात, ज्या ‘ईडी’सारख्या अक्षरांनी जाहिरातीत झळकतात. काच रंग किती फाकवते हे अ‍ॅबे अंकावरून कळते: अंक जितका मोठा तितके अपस्करण कमी. नेहमीच्या क्राउन काचेचा अंक ६४च्या आसपास, तर फ्लोराइट स्फटिकाचा ९५. एरवी अवघड असलेल्या या दोषाची चांगली बाजू म्हणजे तो सॉफ्टवेअरमध्ये जवळजवळ निखळ सुधारतो. तांबडा आणि निळा चॅनेल किंचित लहानमोठे करून हिरव्यावर बसवायचे, एवढेच काम असते. अक्षावरच्या रंगदोषाचे तसे नाही. तिथे फोकसच्या पुढच्या वस्तूंना जांभळट आणि मागच्यांना हिरवट कड येते, फ्रेमच्या मध्यातही येते, आणि तो धूसरपणाचाच भाग असल्यामुळे सॉफ्टवेअर फक्त रंग पुसू शकते, गेलेला तपशील परत आणू शकत नाही.

प्रतिमेच्या वक्रतेवर थोडे थांबायला हवे, कारण ‘कोपरे सॉफ्ट’ या तक्रारीतल्या कितीतरी लेन्स प्रत्यक्षात कोपऱ्यात चांगल्या असतात, फक्त त्यांचा फोकस तिथे वेगळ्या अंतरावर असतो. १.५ अपवर्तनांकाच्या एकाच भिंगाने १६ मिमी नाभीय अंतर मिळवले, तर पहिल्या अंदाजाने कोपऱ्यातली प्रतिमा सेन्सरच्या पातळीपासून सुमारे एक सेंटिमीटर पुढे तयार होईल. आणि ६ मायक्रॉनचा पिक्सेल धरला तर एफ/२.८ला फोकसची मुभा आहे दोन्ही बाजूंना सुमारे १७ मायक्रॉन. सेंटिमीटरभराची वक्रता मायक्रॉनपर्यंत दाबायची आहे, तीही झूमच्या सगळ्या पल्ल्यात आणि जवळ-लांबच्या प्रत्येक फोकसला. थोडी शिल्लक उरणारच. फोकस जवळ घेतला की वक्रता बदलते, म्हणून चांगल्या झूममध्ये फोकस करताना दोन गट वेगवेगळ्या गतीने हलतात.

एफ/८ला ही मुभा दोन्ही बाजूंना ४८ मायक्रॉनपर्यंत वाढते. वक्रता तीच राहते, ती मुभेच्या आत झाकली जाते एवढेच.

डिस्टॉर्शनचे कारण अ‍ॅपर्चरच्या जागेत आहे. ऋण गट अ‍ॅपर्चरच्या पुढे असला की सरळ रेषा बाहेर फुगतात, हे बॅरल डिस्टॉर्शन. झूम करत ३५ मिमीकडे जाल तसे कडेचे किरण पुढच्या गटावर कमी उंचीवर पडतात, फुगवटा उतरतो आणि बऱ्याचदा रेषा उलट आत वळू लागतात. मधे कुठेतरी, बहुतेक २०-२४ मिमीच्या आसपास, डिस्टॉर्शन शून्याजवळ असते. इमारतीचे फोटो काढताना आपल्या लेन्सची ही जागा माहीत असणे फार उपयोगाचे. वाइड टोकाला काही लेन्समध्ये रेषा मधे बाहेर फुगते आणि टोकांशी परत आत वळते. असा मिशीच्या आकाराचा बाक साध्या एका स्लायडरने सरळ होत नाही. त्याला त्या लेन्सचे प्रोफाइलच, म्हणजे तिच्या दोषांची मोजून ठेवलेली माहिती, लागते.

फ्रेमच्या कडेला उभ्या माणसाचा चेहरा ताणलेला दिसतो, ते मात्र डिस्टॉर्शन नव्हे. सरळ रेषा सरळ ठेवणारी निर्दोष लेन्ससुद्धा १६ मिमीला अगदी कोपऱ्यातला गोल चेंडू लंबवर्तुळ करते, त्याची लांबी रुंदीच्या १.७ पट होते. ३५ मिमीला हे प्रमाण १.१८. सपाट सेन्सरवर इतका मोठा कोन मावण्याची ती भूमिती आहे. कितीही महाग लेन्स घेतली तरी ती तशीच राहणार. ग्रुप फोटोत माणसांना कडेपासून आत ठेवणे आणि २४ मिमीच्या पुढे जाणे, एवढेच हातात असते.

कोपऱ्यातला काळोखही दोन प्रकारचा असतो. पहिल्या प्रकारात लेन्सच्या नळीच्या आणि भिंगांच्या कडा तिरक्या किरणांचा काही भाग कापतात. हा छिद्र दोन स्टॉप लहान केल्यावर बहुतेक जातो. दुसरा कोनाचाच परिणाम. साध्या लेन्समध्ये उजेड कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताने पडतो, आणि ५३.५ अंशांना तो मध्याच्या एक अष्टमांश, म्हणजे पूर्ण तीन स्टॉप कमी. रेट्रोफोकस रचनेत तिरक्या बाजूने पाहिले तर अ‍ॅपर्चरचे छिद्र मोठे दिसते, म्हणून प्रत्यक्ष तूट यापेक्षा कमी असते. पण जी उरते ती एफ/११लाही राहते.

गोलीय विपथनाबद्दल थोडक्यात: आधुनिक वाइड झूममध्ये ते अ‍ॅस्फेरिक (गोलाकार नसलेल्या) पृष्ठभागाने बरेच आवरलेले असते. अ‍ॅपर्चरजवळ ठेवलेला अ‍ॅस्फेरिक पृष्ठभाग याच दोषावर काम करतो. अगदी पुढच्या मोठ्या भिंगावरचा डिस्टॉर्शन आणि अ‍ॅस्टिगमॅटिझमवर. दोन जागा, दोन कामे. त्यामुळे ‘तीन अ‍ॅस्फेरिक भिंगे’ एवढ्या माहितीवरून लेन्सची पारख होत नाही.

आपली लेन्स तपासायची कशी

विटांच्या भिंतीचा फोटो सगळे काढतात, पण कॅमेरा भिंतीला समांतर नसेल तर त्यावरून काढलेला निष्कर्ष कवडीमोल. समांतर करायची सोपी युक्ती: भिंतीवर फ्रेमच्या मध्यावर छोटा सपाट आरसा चिकटवा आणि त्यात लेन्सचे प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मध्यभागी येईपर्यंत ट्रायपॉड हलवा. ही भिंत डिस्टॉर्शन पाहायला उत्तम. कोपऱ्यांच्या धारेसाठी मात्र दूरचे दृश्य बरे. १६ मिमी, एफ/२.८ आणि ६ मायक्रॉनची कडक मर्यादा धरली तरी हायपरफोकल अंतर सुमारे १५ मीटर येते. म्हणजे फोकस अनंतावर ठेवला, तर १५ मीटरपलीकडचे सगळे एकाच पातळीवर असल्यासारखे वागते आणि समांतरतेचा प्रश्नच उरत नाही.

वक्रता पाहायची तर गवताचे किंवा खडीचे सपाट मैदान शोधा. कॅमेरा डावी-उजवीकडे पातळीत ठेवून, पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला मध्यभागी ३ मीटरवर फोकस करून फोटो काढा आणि सॉफ्टवेअरमध्ये कडा शोधणारा फिल्टर लावा. फोकसमध्ये असलेला पट्टा उजळून दिसतो. १६ मिमी, एफ/२.८ला तो मध्यभागी साधारण अडीच ते पावणेचार मीटरचा असावा. पट्टा सरळ आडवा गेला तर प्रतिमा सपाट. दोन्ही टोके सारखीच कॅमेऱ्याकडे किंवा लांब वळली तर वक्रता. एक टोक जवळ आणि दुसरे लांब गेले, म्हणजे पट्टा तिरपा झाला, तर तो रचनेचा दोष नाही. आतले एखादे भिंग किंवा अख्खा गट तिरका बसला आहे.

कोमासाठी ताऱ्यांचा फोटो काढला तर पृथ्वीचे फिरणे मधे येते. १६ मिमीला खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा फ्रेमच्या मध्यभागीसुद्धा सेकंदाला सुमारे १.२ मायक्रॉन सरकतो, १० सेकंदांत दोन पिक्सेल, आणि कोपऱ्यात त्याहून जास्त. ही रेघ पुष्कळदा अ‍ॅस्टिगमॅटिझम समजली जाते. त्यापेक्षा अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या एलईडीवर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल लावून अर्ध्या मिलिमीटरचे छिद्र पाडा आणि ५ मीटरवरून फोटो काढा. त्या छिद्राची प्रतिमा १.६ मायक्रॉनची पडते, पिक्सेलपेक्षा कितीतरी लहान. म्हणजे फोटोत जो आकार दिसेल तो लेन्सचाच. कॅमेरा फिरवून तो बिंदू मध्यात, मधल्या पट्ट्यात आणि चारही कोपऱ्यांत आणा. अगदी मध्यात आणल्यावरही बिंदूला एका बाजूला शेपूट दिसले तर लेन्स डीसेंटर आहे, म्हणजे आतले भिंग जागेवरून हलले आहे, कारण नीट बसवलेल्या लेन्सच्या अक्षावर कोमा असू शकत नाही.

जुन्या रेंजफाइंडर (आरसा नसलेल्या फिल्म) कॅमेऱ्यांच्या लेन्स अ‍ॅडॉप्टरने मिररलेसवर लावणाऱ्यांनी आणखी एक कारण लक्षात ठेवावे. सेन्सरवर संरक्षक काच आणि फिल्टरचा थर असतो. फिल्मसाठी रचलेल्या वाइड लेन्सचे किरण मागून फार तिरके येतात, आणि या सपाट थरातून तिरके जाताना त्यांच्यात नवा अ‍ॅस्टिगमॅटिझम व वक्रता भरते. लेन्स ठणठणीत असते. कोपरे तरीही विरघळतात.

सॉफ्टवेअर काय देते, काय घेते

आजच्या बऱ्याच मिररलेस झूम मुळातच सॉफ्टवेअर गृहीत धरून रचलेल्या असतात. डिस्टॉर्शन काचेने न सुधारता तसेच सोडायचे आणि वाचलेली मोकळीक अ‍ॅस्टिगमॅटिझम व कोमा मारायला वापरायची. आमच्या मते हा सौदा प्रामाणिक आहे, कारण डिस्टॉर्शन नंतर सुधारता येते आणि कोमा येत नाही. पण फुकट काही नाही. बॅरल सरळ करताना कोपरे बाहेर ताणले जातात, तिथे कमी पिक्सेलमधून जास्त जागा भरली जाते आणि धार उतरते. काळोख भरून काढताना नॉइजही (फोटोतले दाणे) वाढतो. कोपरा दोन स्टॉप उजळला तर आयएसओ १६००च्या फोटोचा कोपरा ६४००सारखा दिसणार. रात्रीच्या आकाशात हे लगेच डोळ्यांत भरते, म्हणून तिथे काळोखाची दुरुस्ती अर्ध्यावर ठेवावी.

प्रोफाइल दुरुस्ती मूळ रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फाइलवर करावी. डार्कटेबल हे रॉ सॉफ्टवेअर लेन्सफन या लेन्सच्या माहितीसाठ्यावरून हे काम करते, इतर रॉ सॉफ्टवेअर फाइलमध्येच भरलेले प्रोफाइल वाचतात. आधी क्रॉप करून टिफ बनवली आणि नंतर प्रोफाइल लावले, तर सॉफ्टवेअर कापलेल्या चित्राचा मध्य हाच लेन्सचा अक्ष समजते आणि रंगाच्या कडा जाण्याऐवजी एका बाजूला वाढतात.

फोटो काढताना

२४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेमवर निसर्गदृश्याला एफ/५.६ ते एफ/८ ही बहुतेक वाइड झूमची उत्तम जागा. छिद्र त्याहून लहान करण्यात अर्थ नसतो, कारण विवर्तन, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाशाचे पसरणे, वाढते. ५५० नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाला विवर्तनाच्या चकतीचा व्यास एफ/८ला १०.७ मायक्रॉन, एफ/११ला १४.८ आणि एफ/१६ला २१.५. एफ/१६ला कोपरे किंचित सुधारलेले दिसतात ते बरेचदा मध्यभागच त्यांच्या पातळीला उतरल्यामुळे. अगदी जवळचा दगड आणि क्षितिज दोन्ही हवेच असतील तर एफ/११पर्यंत जावे, किंवा एफ/८ला दोन वेगवेगळ्या फोकसचे फोटो घेऊन जोडावेत.

वक्रता असलेल्या लेन्सने दूरचे दृश्य काढताना फोकस मध्यभागी न करता मध्य आणि कोपरा यांच्या निम्म्यावर करावा. चूक दोन्हीकडे वाटली जाते आणि एफ/८च्या मुभेत दोन्ही बसतात. टोके कॅमेऱ्याकडे वळलेली असतील तर पायापाशी पसरलेली फुले खालच्या कोपऱ्यांत घेणे या लेन्सला उलट सोयीचेच पडते.

डीसेंटर लेन्सवर यातला कोणताच उपाय चालत नाही. खात्री करायला दूरची एकच खूण, मनोरा किंवा झाड, कॅमेरा फिरवून चारही कोपऱ्यांत आणा. फोकस एकदा मध्यभागी करून मॅन्युअलवर ठेवा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे. हे १६, २४ आणि ३५ मिमीला वेगवेगळे करा, कारण झूममध्ये प्रत्येक गट आपापल्या खाचेत सरकतो आणि एका नाभीय अंतराला तिरका असलेला गट दुसऱ्याला नीट बसू शकतो. एकच कोपरा इतर तिघांपेक्षा स्पष्टपणे वाईट असेल तर त्या कोपऱ्यावर फोकस करून आणखी एक फोटो घ्या: तो सुधारून समोरचा कोपरा बिघडला तर भिंग तिरके आहे, कशानेच सुधारला नाही तर ते अक्षावरून सरकले आहे. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर ती त्या लेन्सची रचना आहे आणि दुरुस्तीला देऊन काही बदलणार नाही. सर्व्हिस सेंटरला लेन्स देताना हे सगळे फोटो मूळ फाइलसह, प्रोफाइल दुरुस्ती बंद ठेवून द्यावेत, आणि कोणता कोपरा कोणत्या नाभीय अंतराला बिघडतो ते लिहून द्यावे. ‘कोपरे सॉफ्ट आहेत’ एवढ्यावर तंत्रज्ञाला कोणता गट सैल करायचा ते कळत नाही. ‘२४ ते ३५ मिमीला वरचा उजवा’ असे लिहिले तर शोध कुठून सुरू करायचा ते कळते.